पंधरा दिवसांचे म्हातारे किडे

रिकाम्या खोलीत एसी चालू दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. मे महिन्यातल्या त्या शनिवारीही गेला. लेक अमरावतीला संशोधन करते. तिला भेटायला अकोल्याहून गेलो होतो. ती हात धुवायला गेली तेवढ्यात प्रयोगशाळेतला एसी बंद केला आणि वीज वाचवल्याच्या थाटात बाहेर येऊन उभा राहिलो. तिनं येऊन बाहेरूनच कुलूप लावलं.

आत तिचे गोलकृमी होते, वीस अंशांवर जपलेले. लांबी जेमतेम मिलिमीटरभर, अंग काचेसारखं. त्यामुळे जिवंत पेशीत प्रथिन काय करतं ते सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतं. प्रथिनाची घडी नीट असली तर ते काम करतं. वय झालं की घडी बिघडते, गोळे होतात. ते कसकसे होत जातात, हेच ती रोज टिपत होती. आमच्या वऱ्हाडच्या उन्हानं दोन दिवसांत सगळ्यांच्या प्रथिनांचे गोळे केले. निम्मे मेले.

सोमवारी ती फोनवर कडाडली, "बाबा, चौकीदारानं एसी बंद केला! दुसरी किल्ली त्याच्याजवळच असते. पंधरा दिवस सांभाळून म्हातारे केले होते मी ते. पिल्लं पुन्हा काढता येतीन, म्हातारपण कुठून आणू?"

"असतात असे लोक," मी म्हणालो. मी! हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बुधवारी तिनंच सांगितलं, चौकीदाराला सोमवारीच घरी बसवलं. तेव्हा कुठे एसटी पकडली आणि तिच्या देखत विभागप्रमुखांसमोर चूक कबूल केली.

"तुमी?" लेक एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

साहेब मात्र हसले. "जाऊ द्या हो काका. किडेच ते, दुसरे येतील. चौकीदारही दुसरा बोलावलाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसरे येतील? हिच्या पंधरा दिवसांची काही किंमत हाय का नाही? अन् त्या मानसानं काय केलं? लावा त्याले फोन, माझ्यासमोर!" वऱ्हांड्यात पोरं जमली. गुन्हेगार मी आणि आवाज फिर्यादीचा. पण साहेबांनी फोन लावला आणि त्याला परत कामावर बोलावलं.

घरी येऊन हे सगळं बायकोला हातवारे करून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"सोमवारी एवढ्याच आवाजात 'मीच केला' म्हटलं असतं," ती म्हणाली, "तं तो मानूस दोन दिवस घरी बसला नसता."