ताईच्या निरोपांचा आलेख

आमच्या शेजारच्या तपासनीसांनी तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासला. निवृत्तीनंतर माल उरला नाही, म्हणून ते आम्हाला तपासू लागले. मी दाढी केली की राहिलेला केस ते बोटाने दाखवत. माणूस लाखातला, पण केसाएवढी चूक पोटात घालणार नाही.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना मेसेज पाठवणं बंद केलं. कारण सांगायला भाची आली.

"मामा, आई म्हणते, याच्यापेक्षा भिंत बरी. निदान आवाज तरी परत देते."

"मी उत्तर देत नाही? पुराव्यानिशी दाखवतो."

मग त्यांनी भाचीकडूनच चार वर्षांचे मेसेज संगणकावर उतरवून घेतले आणि आठ दिवस बसून, कारखान्यातल्या शिस्तीने, त्यांचे दोन ढीग केले. एक विचारलेल्यांचा, एक नुसत्या कळवलेल्यांचा. कळवलेल्याला उत्तर लागत नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. 'गुडघा दुखतोय.' कळवलं. 'आज एकटीच जेवले.' कळवलं.

रविवारी सकाळी त्यांनी मलाही पंच म्हणून बोलावलं. पडद्यावर आलेख होता.

"विचारलेले तीनशे बारा, उत्तरं तीनशे बारा," ते म्हणाले. "घ्या."

भाची आलेखाकडे बघत राहिली. "मामा, कळवलेल्यांची रेघ उतरत गेलीय. विचारलेल्यांची चढत."

"वय झालं तिचं. शंका वाढतात."

भाचीने शेवटचे मेसेज उघडून वाचले. 'आज वार कोणता रे?' 'मंगळवार.' 'तुमच्याकडे ऊन आहे का?' 'आहे.' 'सात आठे किती रे?' 'छप्पन्न.'

"मामा, आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं."

तपासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. मग फोन घेतला. चार शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी चपला घालून सरळ बस गाठली.

संध्याकाळी ते जिन्यात भेटले.

"भेटल्या का ताई?"

"भेटली. चहा दिला. गुडघा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाली. जेवलीस का विचारलं. हो म्हणाली." ते कठड्याला टेकले. "दोन तास बसलो हो. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं तिने. आपणहून काही सांगितलंच नाही."

मी त्यांची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागलो.