जत ते खंडाळा, व्हाया सातारा

हल्ली मोबाइलला रेंज नसली की लोक टॉवरला शिव्या देतात. सत्तरच्या दशकात शिव्या खायला आम्ही बायका होतो. जतहून खंडाळ्याला सरळ तार नव्हती. जतचा कॉल सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये यायचा, सांगली तो साताऱ्याला जोडायची आणि सातारा आपल्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याला. साताऱ्याच्या ट्रंक बोर्डावर मी बसायचे. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात भोकांत खोचायच्या दोऱ्या.

आवाज बारीक झाला की मधलीने वाक्य पुढे सांगायचं, अशी पद्धत होती. जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. पद्धत चांगली होती. ती माझ्या लग्नापर्यंत येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

वडील जतला राहत. त्यांनी माझ्यासाठी खंडाळ्याचं स्थळ पाहिलं होतं. मुलगा फौजेत, त्यामुळे बोलणी त्याचा मामा करायचा. मामाच्या दुकानात फोन होता, हीच त्याची लायकी. त्या दुपारी मी एका मैत्रिणीच्या बदली ड्यूटीवर होते. वडिलांना हे माहीत नव्हतं.

सांगलीने कॉल दिला. मागे वडिलांचं बारीकसं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. वडिलांचा आवाज एरवी जतहून साताऱ्याला तारेशिवायही पोचला असता. त्या दिवशी तार आडवी आली.

"माझ्यापुढे काही जात नाही गं," सांगलीची म्हणाली. "मी तुला सांगते, तू पुढे सांग."

मी खंडाळा जोडलं आणि मामाने सुरुवात केली. "आवं बाई, त्यास्नी सांगा, पोरगी पसंत हाय. पर नोकरी सोडाया पायजे. सून घरात पायजे, तारंवर न्हाई."

मी सांगलीला सांगितलं, सांगलीने जतला. उत्तर उलट्या वाटेने आलं.

"ते म्हणतात, सोडेल की. तिला काय विचारायचंय? लगेच राजीनामा देईल."

माझा राजीनामा माझ्या कानात येऊन थांबला होता, आणि पुढे माझ्याच तोंडाने जायचा होता.

"काय म्हनत्यात, बाई?"

"मुलीचे वडील म्हणतात, सोडेल."

"झ्याक!"

"मुलगी म्हणते, सोडणार नाही."

"आँ? पोरगी कुठनं आली मधी?"

"ती मधेच बसलीय. तुम्ही तिच्याशीच बोलताय."

मग मामा दुकानातल्या कुणाला तरी म्हणाला, "आरं, ही तर आत्तापास्नंच आपल्याला सांगाया लागली!" आणि फोन ठेवला.

"जतला काय सांगू?" सांगलीने विचारलं.

"खंडाळ्याने फोन ठेवला म्हणून सांग."

"एवढंच?"

"मग? पदरचं काही घालायचं नाही."

मामाने पुढे काही कळवलं नाही. काही दिवसांनी वडील साताऱ्याला आले ते तणतणतच.

"तुमच्या खात्यात काय दम न्हाई बग. ऐन बोलण्यात लाइन तोडली. चांगलं स्थळ गेलं."

"तक्रार करा," मी चहा पुढे ठेवत म्हटलं. "मी साहेबांना सांगते."

सांगितलीही, जशीच्या तशी. लाइनमन जाऊन जतची तार ताणून आला आणि आवाज स्वच्छ येऊ लागला. पुढचं स्थळ मात्र वडिलांनी पत्राने जमवायला घेतलं.