सुनीतीबाईंचा अबोला

सुनीतीबाई पाटोळे फटकळ आहेत, हे हडपसरच्या त्या लहानशा चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यालाही पहिल्याच रविवारी कळतं. उपासनेला उशीर झालेल्याला त्या दारातच विचारतात, "सलाम. शेवटच्या आशीर्वादाला आलात वाटतं?" पण कामाला वाघ. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत प्रत्येकाने पावाचा एक तुकडा खायचा, आणि त्यासाठीचा पाव कापण्याचं काम कित्येक वर्षं त्यांच्याचकडे आहे. आदल्या शनिवारी संध्याकाळी शाळेतली आयाची नोकरी आटोपून त्या बेकरीतून स्लाइस ब्रेड आणतात, तपकिरी कडा काढतात, पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे करतात आणि ताटावर इस्त्रीचा रुमाल घालतात.

कडा त्यांच्या मुलाच्या, प्रज्ञेशच्या. लहान मुलांना प्रभुभोजन नसतं, म्हणून तो ताटापाशी घुटमळायचा आणि आई त्याच्या हातात कडा ठेवायची. पुढे दृढीकरण होऊन त्यालाही ताटातला तुकडा मिळू लागला, आयटीत नोकरी लागली, तरी शनिवारी चहात कडा बुडवून खाण्याचा हक्क त्याने सोडला नाही.

मग वाघोलीच्या रस्त्यावर त्याच्या बाईकला डंपरने उडवलं. चर्चने साखळी उपवास धरला. सुनीतीबाई आयसीयूबाहेर बसून येईल त्याला सांगत होत्या की माझा मुलगा उठणार, देव मला असा हात दाखवणार नाही. त्यांचा विश्वास डोंगर हलवण्याइतका होता. प्रज्ञेश उठला नाही.

दफनाहून परतल्यावर कोणीतरी समजूत घातली की देव चांगली फुलं आधी खुडतो. सुनीतीबाई म्हणाल्या, "मग त्याने स्वतःची बाग लावावी." त्यानंतर त्यांनी देवाशी अबोला धरला. जेवणाआधीची प्रार्थना बंद झाली. गीताच्या वेळी त्या उभ्या राहत, पण ओठ मिटलेले. प्रभुभोजनाचं ताट बाकावरून फिरत आलं की त्या तुकडा न उचलताच ते पुढे देत. पाव कापणं मात्र सोडलं नाही, आणि कडा कागदात गुंडाळून कावळ्यांना टाकू लागल्या.

आता तिथली रीत अशी, की ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी अढी आहे त्याने आधी समेट करावा, मगच प्रभुभोजनाच्या पावाला हात लावावा. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दर वेळी तसं बजावतात. साहजिकच सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की बाईंच्या मनात कोणाविषयी तरी अढी आहे, आणि ज्याच्या त्याच्या मनात पाल चुकचुकली. चर्चमधली दीपमाला चिवड्याचा डबा घेऊन आली आणि कबूल करून गेली की चर्चच्या सुगीच्या सणाच्या लिलावात तुमच्या भोपळ्यावर बोली लावू नका, असं बायकांना मीच सांगितलं होतं. मग कमिटीचे रंगराव आले. पाव कापायचं काम आपल्या सुनेला मिळावं म्हणून त्यांनी खटपट केली होती. सुनीतीबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोघांना त्यांनी चहा पाजला, क्षमा केली, आणि वर म्हणाल्या की नसती माहिती घरपोच मिळाली.

शेवटी पाळकसाहेब स्वतः आले. कोणाशी बिनसलंय, असं त्यांनी हळूच विचारलं.

"ज्याचं मेज मी मांडते, त्याच्याशी," सुनीतीबाई म्हणाल्या.

पाळकसाहेब वयाने तरुण. त्यांनी कुठलंही वचन ऐकवलं नाही, चहा संपवला आणि उठून गेले. हे त्यांनी चांगलं केलं.

घरात ऐकणारं आणखी एक माणूस होतं. शांतवन, सुनीतीबाईंचे यजमान. मुलगा गेल्यापासून ते खिडकीपाशी बसून असत, विचारलं तर हो-नाही एवढंच बोलत. पुढच्या शनिवारी सुनीतीबाई कडा काढत असताना ते म्हणाले, "आपला अबोला असायचा, तेव्हा तू मला कधी उपाशी ठेवलंस?"

"नाही."

"आणि मी कधी ताटावरून उठलो?"

सुनीतीबाईंची सुरी थांबली. त्यांचे अबोले दांडगे असत. एकदा वाघोलीच्या प्लॉटवरून अख्खा महिना गेला होता. तेव्हा निरोप्या प्रज्ञेश. या खोलीतून त्या खोलीत पळायचा. बाबांना सांग, ताट वाढलंय. आईला सांग, मी जेवलो. जेवणात मात्र एकदाही खंड पडला नव्हता.

त्यांनी ताट झाकलं. कडांचा कागद गुंडाळायला घेतला, आणि गुंडाळवेना. एक कड उचलून त्यांनी तोंडात टाकली. कोरडी होती. त्या रडल्या, वर्षभराचं सगळं रडल्या. एक कड शांतवनरावांच्या हातावर ठेवली. दोघांनी मिळून सगळ्या कडा संपवल्या.

रविवारी ताट बाकावरून फिरत आलं. शेजारी बसलेल्या दीपमालाने सवयीने ते पुढे न्यायला हात केला, पण सुनीतीबाईंनी तुकडा उचलला. डोळे मिटले नाहीत, मान लवली नाही. राग होता तिथेच होता. गिळून झाल्यावर त्या अगदी हळू बोलल्या. देवाशी नाही.

"प्रज्ञेश, त्याला सांग, मी जेवले."