तलावाच्या पाळीवर

माझ्या बायकोला हे माहीत नाही. विलासला नाही, त्याच्या घरच्यांना नाही. कधी ओठांवर आलंच तर मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर विषय बदलायचो. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

सायकलपासून सुरू करावं लागेल. मी जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहतो, कारखान्यात नोकरी. चाळिशीनंतर शुगर निघाली, तेव्हा मी जाड टायरची माउंटन बाइक घेतली. विलास माझा शाळेपासूनचा दोस्त, भंडाऱ्याला मुलांना गणित शिकवायचा. माझं पाहून त्यानेही घेतली. रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो — कधी वैनगंगेच्या काठाने, कधी मोहाडीकडच्या गावांमधून, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, पांदणीच्या कच्च्या वाटेने. मला वाटतं, आयुष्यातला सगळ्यात बरा काळ तो होता.

मग मला क्लिपलेस पेडलचं खूळ लागलं. नाव क्लिपलेस, पण बूट त्यात टक् करून अडकतो. बुटाखाली लोखंडाचा लहानसा तुकडा असतो, तो पेडलच्या खटक्यात बसतो. सोडवायचं तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. बस्स, एवढंच. पण हे डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. क्वार्टरच्या भिंतीला धरून मी सराव केला, मैदानातल्या गवतावर केला, तरी पडायचो. एकदा भंडाऱ्याच्या भर चौकात थांबलो आणि उभ्या उभ्या आडवा झालो, ऑटोवाल्यांच्या देखत. विलासने ते ज्याला त्याला सांगितलं. "सुन्या, तुह्या पायाले गोंद लागला काय बे?" — भेटेल तो हेच विचारायचा. मीही हसायचो.

हळूहळू पाय शिकले. इतके शिकले की खुर्चीतून उठतानासुद्धा माझी टाच आपोआप बाहेर वळायची. बायको विचारायची, पायाला काही झालं का?

नाही — मी फिरवून फिरवून सांगतोय. मला कळतंय ते.

विलासला ती पेडलं मीच घ्यायला लावली. त्याला नको होती. "मले नाही जमत बे हे," तो म्हणायचा. मी मागेच लागलो. चढावर किती जोर मिळतो, पाय कसा घसरत नाही — रोज तेच. शेवटी त्याने घेतली. नवीन होता. थांबायच्या आधी मला ओरडून सांगायचा, "थांबून राहिलो रे," म्हणजे मी लक्ष ठेवायचं.

त्या रविवारी आम्ही आंधळगावच्या पुढे गेलो होतो. पावसाळा संपला होता, धान कापणीला आलं होतं, तलाव काठोकाठ भरलेला. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, एक पायवाट जाते — एका बाजूला उतार आणि बांध्या, दुसऱ्या बाजूला पाणी. मी पुढे, तो मागे. एका ठिकाणी पावसाने पाळ कापली होती. मी थांबलो. टाच वळवली, पाय खाली ठेवला. दुसरा पायही काढला, सायकल गवतावर आडवी केली. किती सहज झालं ते — मी विचारही केला नाही.

मागे वळलो तर विलास थांबायला बघत होता आणि पाय निघत नव्हता. "सुन्या" एवढंच म्हणाला. मग पाण्याच्या बाजूला कलला आणि सायकलसकट खाली गेला. डोकं कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. सायकल त्याच्यावर, पाय पेडलमध्ये, तोंड पाण्यात. वरचं चाक फिरत होतं. एक हात वर आला, पाण्यावर आपटला, परत गेला.

आणि मी उभा होतो.

हेच ते. मी उभा होतो. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते, मोकळे होते. मला पोहता येत नाही, हे खरं. पण त्याचं चाक पाण्याबाहेर होतं — तिथे किती खोल असणार? हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. घाबरलो होतो? हो. पण डोकं बंद पडलं होतं असं मी म्हणणार नाही. डोक्यात एक वाक्य होतं, स्पष्ट — कोणीतरी येईल. तेच मनात म्हणत मी त्याच्याकडे बघत राहिलो.

कोणीतरी आलं. पलीकडे एक ढिवर बाई जाळं काढत होती, सायत्राबाई तिचं नाव, नंतर कळलं. ती पाळीवरून धावत आली, लुगड्यासकट पाण्यात उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. कमरेला. तिने त्याचं डोकं वर उचलून धरलं, पण सायकलमुळे तो ओढला जाईना. "भाऊ, या नं इकडे," ती मला म्हणाली. तेव्हा मी उतरलो. त्याच्या टाचा धरून बाहेर वळवल्या. टक्, टक्. दोन्ही पाय सुटले.

विलास जगला. आधी भंडाऱ्याच्या दवाखान्यात, मग नागपूरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या मोठ्या भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "झालं कसं रे?" आणि मी म्हणालो, "माझेच पाय पेडलमधून निघाले नाहीत, दादा." आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. का विचारतील? सुन्याच्या पायाला गोंद लागतो, हे सगळ्या भंडाऱ्याला ठाऊक होतं.

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस आहे. पण पुढे आहे.

काही दिवसांनी दादा सायत्राबाईंना लुगडं द्यायला निघाले. मीही गेलो — न जाऊन कसं चाललं असतं? ती अंगणात मासे साफ करत होती. हात धुऊन तिने आम्हाला खाटेवर बसवलं. दादा म्हणाले, बाई, तुम्ही नसता तर... याचे तर पाय अडकले होते. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलाने.

"हे भाऊ त पाळीवर उभे होते," ती म्हणाली. "सायकल बाजूले पडली होती."

दादांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं. मी म्हणालो, "तुम्ही लांब होत्या बाई. घाईत तुम्हाला नीट दिसलं नसेल." वर हसलो, समजूतदारपणे, जसं आपण अडाणी माणसाशी हसतो.

तिने लुगड्याची घडी मांडीवर नीट केली. "असन बा," ती म्हणाली. "मले दिसलं नसन."

परतताना दादा म्हणाले, "लोकं काही बी बोलतात. मनावर नोको घेऊ." मी मनावर घेतलं नाही, असं दाखवलं. ज्या बाईने माझ्या दोस्ताला पाण्यातून वर धरलं, तिला मी तिच्याच अंगणात खोटं पाडलं. नंतर एकदा आंधळगावच्या बाजारात ती मासे विकताना दिसली. ओळखलं तिने. "तुमचे दोस्त कसे हायेत, भाऊ?" मी "बरे आहेत" म्हणालो आणि गर्दीत शिरलो.

ते बरे नाहीत. विलासला आता साध्या बेरजा जमत नाहीत. शाळेतली नोकरी सुटली. शब्द आठवायला त्याला वेळ लागतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. मी दर रविवारी त्याच्याकडे जातो. वहिनी म्हणतात, सगळे यायचे बंद झाले, सुनीलभाऊ, तुम्हीच येता. मी चहा पितो.

त्या दिवसाचं त्याला स्वतःला काहीच आठवत नाही. घरच्यांनी सांगून सांगून जे मनात बसलं, तीच आता त्याची आठवण आहे. मी गप्प बसलो की त्याला वाटतं, मी तेच मनाला लावून घेतलंय. मग तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवतो आणि एकेक शब्द शोधून मला धीर देतो.

"तू... काय करशील बे. तुहे... पाय... अटकले होते."

मी मान हलवतो. दर रविवारी.