आपल्या गोलमागची जागा

व्यंकोजी मोहिते मॅच बघून घरी आले, की चपला अशा भिरकावत की आतून अहल्याबाई विचारत, "हरले काय?"

"जिंकले," ते म्हणत. "पण ती काय जिंकायची रीत झाली? थू!"

हरल्यावर तर बोलायलाच नको. त्या दिवशी ताटात काय वाढलंय हे त्यांना कळत नसे. एक घास आत, एक शिवी बाहेर. व्यंकोजींचं फुटबॉलवर भारी प्रेम, असं लोक म्हणत. बायकोनं तीस वर्षं शोधलं, तिला ते कुठं सापडलं नाही. सापडली ती नुसती शिसारी.

बेंगळुरातल्या अलसूरच्या बाजारात त्यांचं कट-पीस कापडाचं दुकान होतं. सगळा बाजार त्यांना व्यंकण्णा म्हणे. घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, तीही निम्मी कन्नडात भिजलेली. उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण रंगात आलं की तमिळ. मॅचच्या दिवशी तीन वाजताच शटर खाली यायचं. एखादी बाई ब्लाउजपीस हातात घेऊन उभी असली तरी "नाळे बन्नी, अम्मा, उद्या या," म्हणून तिला वाटेला लावायचे.

टीम एकच, स्पिंडल्स. शहराच्या पूर्वेला सूतगिरण्यांसाठी यंत्रांचे भाग बनवणारा एक सरकारी कारखाना होता, त्याची. तरुणपणी व्यंकोजींनी या टीमला राज्याचा कप उचलताना पाहिलं आणि तिथंच घात झाला. तसलं काही पुन्हा बघायला मिळेल म्हणून ते पुढं तीस वर्षं जात राहिले, आणि तोंड वाकडं करून परत येत राहिले.

पंचाण्णव साल उजाडेपर्यंत तर तोंड वाकडं करायला निमित्तंच निमित्तं झाली. कारखान्यात भरती बंद, त्यामुळे टीममध्ये नवं रक्त नाही. जुने खेळाडू पोट सावरत पळायचे. मधल्या फळीतल्या एकाबद्दल व्यंकोजी म्हणत, "याला बॉल दिसतो, नाही म्हणत नाही. पण पोटावरून वाकून बघावं लागतं." कोच होता मुत्तण्णा. त्याचं नाव निघालं की हे बाजूला वळून थुंकत. मुत्तण्णानं टीव्हीवर अमेरिकेतला वर्ल्ड कप पाहिला आणि लगेच पुढच्या हंगामात स्पिंडल्सला तीन-पाच-दोन खेळायला लावलं. "तिकडची पोरं नव्वद मिनिटं पळतात, म्हणून ते मधे पाच ठेवतात. आमचे पाच मधे उभे राहून लग्नाला आल्यासारखे गप्पा मारतात!" डावखुऱ्या पोराला मुत्तण्णा उजवीकडे खेळवायचा. बदली खेळाडू आणायचा तो पंच घड्याळ बघायला लागल्यावर. "तिरडी उचलल्यावर डॉक्टरला फोन करणारा माणूस," असं व्यंकोजी त्याच्याबद्दल सांगत.

आणि एलुमलै! ऑस्टिन टाउनचा पोरगा, डाव्या पायानं बॉल हवा तिथं ठेवणारा. व्यंकोजींनी जन्मात ज्याला शिवी दिली नाही असा हा एकटाच. त्याला कलकत्त्याच्या एका क्लबानं उचललं आणि कारखान्याच्या साहेबांनी हार घालून जाऊ दिलं. त्याच्या जागी केरळहून दोन पाहुणे खेळाडू आणले, तेही मॅचच्या सकाळी गाडीतून उतरणारे. "आपला गोल कुठला ते यांना मध्यांतरानंतर समजतं," व्यंकोजी म्हणाले. एलुमलैला त्यांनी आठवडाभर हरामखोर ठरवलं. मग मत बदललं. "गेला तोच शहाणा. बाकीच्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून ते उरलेत."

अशोकनगरच्या स्टेडियममध्ये त्यांची जागा ठरलेली होती, स्पिंडल्सच्या गोलमागे, जाळीपासून हाकेच्या अंतरावर. सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या, मुतारीचा वास थेट नाकात. शहाणी माणसं समोरच्या टीमच्या गोलमागे बसतात, आपल्यांनी केलेला गोल जवळून बघायला. हे मात्र आपल्याच गोलमागे. मध्यांतराला टीम बाजू बदलायच्या, तेव्हा हेही शेंगांची पुडी घेऊन मैदानाला वळसा घालायचे आणि पलीकडे जाऊन बसायचे. "घाण इथंच होते," ते म्हणत, "मग इथंच बसायला पाहिजे की."

म्हणजे गेले तीन हंगाम त्यांच्या सगळ्यांत जवळ असायचा तो गोलकीपर. उंच, लांब हातांचा. पेपरात नाव यायचं आर. राव. बचावातल्या पोरांवर तो तमिळमध्ये ओरडायचा, कारण बेंगळूरच्या मैदानावर तमिळच चालायची. व्यंकोजींनी त्याला तमिळ किंवा फार तर तेलुगू ठरवून टाकलं. समोरून आलेला बॉल तो बरा अडवायचा. पण कॉर्नरला उंच बॉल आला की हा गोलरेषेवर खिळा मारल्यासारखा उभा. पुढं येऊन उचलायचं नावच नाही. एवढ्या एका गोष्टीवरून व्यंकोजींच्या मस्तकात तिडीक जायची.

ओरडायची त्यांची रीत होती. चारचौघांना पटावं असं काही सुचलं, की ते कन्नडात. त्याहून खालच्या थराचं असलं, की मराठीत. हजार माणसांत कुणाला कळतंय? आईबापांचा उद्धार करा, सात पिढ्या खाली ओढा, शेजारचा माणूस खुशाल शेंगा सोलत बसायचा. पोट मोकळं व्हायचं आणि अब्रूही शाबूत राहायची. घरची भाषा आहे, तिचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा, असं त्यांचं मत होतं.

हे असंच चाललं असतं. पण गोजराक्का फोटो घेऊन आली.

गोजराक्का म्हणजे अहल्याबाईंची लांबची नणंद. आपल्या समाजातली लग्नं जमवणं हाच तिचा उद्योग. व्यंकोजींची एकुलती एक संपदा सत्तावीस वर्षांची झाली होती. इंदिरानगरच्या शाळेत शिकवायची. पहिलं स्थळ पत्रिकेवरून मोडलं. दुसऱ्यांनी नोकरी सोडून सोलापूरला ये म्हटलं, तेव्हा ते हिनं मोडलं. बेंगळुरात आपल्यातली घरं मोजकी, त्यातली निम्मी भाऊबंद. आता हे स्थळ गेलं तर पुढचं कुठून यायचं, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

"शिंद्यांचा मुलगा," गोजराक्का सांगू लागली. "होसकोट्याला स्वतःचं घर. कारखान्यात परमनंट. वडील गेल्या वर्षी गेले, आता आई आणि हा. सुपारीचं खांड तोंडात नाही. स्वल्प बॉल खेळतो, तेवढंच."

व्यंकोजींनी फोटो हातात घेतला. कोट घातलेला, भांग पाडलेला, पण हात तेच, लांब.

"हा? हा आपल्यातला?"

"मग कुणातला? रघुनंदन राव शिंदे. कचेरीत नुसतं राव लिहितात."

"चालणार नाही," व्यंकोजी म्हणाले.

"का?"

"रेषा सोडत नाही तो!"

गोजराक्काला वाटलं, यांना झटका आला. अहल्याबाईंना मात्र सगळं कळलं आणि त्या भडकल्या. "तुम्हाला जावई पाहिजे काय गोलकीपर? स्वल्प अक्कल वापरा की!"

"अगो, सहा यार्डावर आलेला बॉल जो पुढं जाऊन उचलत नाही, तो उद्या घरावर प्रसंग आला तर उंबरा सोडेल काय?"

"आणि तुम्ही? गेल्या दिवाळीत गॅसवाल्याशी भांडायला मी गेले होते. तुम्ही कुठं होता? आतल्या खोलीत!"

 संपदा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं फोटो उचलला, बराच वेळ बघितला आणि पुस्तकात ठेवून आत घेऊन गेली. अहल्याबाईंनी ते पाहिलं. व्यंकोजींनीही पाहिलं आणि रविवारी बघायला यायचं ठरलं.

मग दुकानात मीटरपट्टी हातात असताना व्यंकोजींना घाम फुटला. शिंद्यांचा, म्हणजे त्याला मराठी येते. म्हणजे तीन वर्षं त्यानं ऐकलं. काय काय ऐकलं? ते आठवू लागले, पण इतकं बोलले होते की नीट काही आठवेना. नंतर त्यांनी मनाची समजूत घातली. हजार माणसं बोंबलतात, खेळणारा ऐकत बसतो होय? आणि आवाज ऐकला असेल, तोंड कुठं पाहिलंय त्यानं? गोलकीपरची तर आपल्याकडे कायम पाठ.

रविवारी शिंदे आले. रघुनंदन आणि त्याची आई सगुणाबाई, दोघंच. घरात उप्पीट आणि केसरीभाताचा वास दरवळत होता. व्यंकोजींनी घडीचा शर्ट घातला होता. आज फुटबॉलचं नाव काढणार नाही, असं बायकोला वचन दिलेलं. ते दारात गेले आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाले, "या, या. सावकाश या. ऊन फार आहे."

रघुनंदन वाकून बुटाची नाडी सोडत होता. त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून यजमानांच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, जसं पहिल्यांदाच पाहतात तसं. मग खाली बघून दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

व्यंकोजी घाईनं दारातून बाजूला झाले. पण पोरगा आत येऊन शांत बसला. उप्पीट खाल्लं, विचारलं त्याला उत्तर दिलं. मराठी अगदी घरची होती. थोड्या वेळानं अहल्याबाईंनी दोघांना गच्चीवर पाठवलं. वरून बोलणं ऐकू येत होतं, मग संपदाचं हसू ऐकू आलं. या घरात ती असं हसली त्याला किती दिवस झाले होते! अहल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. व्यंकोजींचा जीव भांड्यात पडला. नाही ओळखलं यानं, त्यांना वाटलं, आणि ओळखलं असलं तर दिलदार आहे, विसरला. आपणही मोठेपणा घ्यावा. पुढच्या हंगामात हवं तर मैदानाच्या मधोमध बसावं, तिकीट जास्त पडलं तरी.

दोघं खाली आली. चहा झाला. काहीतरी जिव्हाळ्याचं बोलावं म्हणून व्यंकोजी पुढं सरकून म्हणाले, "तुमच्या वडिलांचं गोजराक्कानं सांगितलं. वाईट झालं. कशानं गेले ते?"

"हार्टनं," रघुनंदन म्हणाला. "सेमीफायनलच्या चार दिवस आधी. सुतकात होतो, पण दुसरा कीपर जखमी होता. कोच घरी येऊन आईच्या पाया पडला, म्हणून खेळलो."

"अरेरे."

"तुम्ही तेव्हाच विचारलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मागून. कॉर्नर होता, म्हणून वळून सांगता आलं नाही."

सगुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग व्यंकोजींकडे. त्यांना काही कळलं नाही. अहल्याबाईंनाही नाही. व्यंकोजींना मात्र सगळं एका क्षणात आठवलं. ती संध्याकाळ, तो कॉर्नर, रेषेवर खांदे पाडून उभा असलेला तो उंच पोरगा, आणि आपला स्वतःचा आवाज: "सुतकी तोंड करून काय उभा आहेस रे? घरात कोण मेलंय तुझ्या? बाप मेला काय?" बोलून झाल्यावर ते स्वतःच खूष होऊन हसले होते, तेही आठवलं.  आजवर मुत्तण्णापासून कारखान्याच्या साहेबापर्यंत सगळ्यांची त्यांना किळस आली होती. पण स्वतःच्या तोंडाची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. माफी मागायला हवी होती. तोंड उघडलं, पण आपला आवाज त्या खोलीत पुन्हा ऐकू यावा असं त्यांना वाटेना, म्हणून मिटलं.

पाहुणे नमस्कार करून गेले. संपदा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

गोजराक्का दोन दिवसांनी आली. नेहमी बसायची तिथं न बसता उभ्यानंच बोलली. "मुलगी त्यांना आवडली. सगुणाबाई तर म्हणत होत्या, लगेच साखरपुडा करू. पण रघू ऐकत नाही. म्हणतो, लग्न झालं की सणासुदीला त्या घरी जावं लागणार. 'या जावईबापू' म्हणतील, तेसुद्धा त्याच आवाजात. ते माझ्यानं सोसणार नाही, म्हणतो. काय भानगड आहे, व्यंकण्णा?"

 गोजराक्का गेली. अहल्याबाई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. संपदा तेवढी बापासमोर उभी राहिली.

"काय विचारलं होतं तुम्ही त्याला, अप्पा?"

"मॅचमधलं ग. मॅचमध्ये माणूस काहीही बोलतो."

"तुम्ही काय बोलला होता?"

सगळ्या स्टेडियमभर जे खुशाल ओरडले होते, ते आपल्या लेकीसमोर उच्चारायला व्यंकोजींची जीभ उचलेना. पण संपदा समोरून हलेना. शेवटी खाली बघत, हळू आवाजात, त्यांनी तिला शब्द न शब्द सांगितला. बापाचं वाक्यसुद्धा.

संपदानं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

"मला आवडला होता तो, अप्पा," ती म्हणाली. "पण सरीच केलं त्यानं, बरोबरच केलं."