पुंजण्यात राहिलेला लॅपटॉप

बहिणीचा तो छोटा लॅपटॉप जेवणाच्या डब्याहूनही हलका होता. कुडव्याहून स्कूटीने कॉलेजला जाताना खांद्याला कळत नाही, म्हणून तिने तो हौसेने घेतला. बटणं एवढी बारीक की माझं एक बोट दोन अक्षरं दाबायचं, आणि सीडी घालायला जागाच नाही. तिच्या एम.एड.चा सगळा प्रबंध त्यात होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती. पेन ड्राइव्ह आणून दे, असं ती मला कितीदा तरी म्हणाली होती.

धानकापणीच्या दिवसांत मी तो तिला न विचारता कामठ्याच्या शेतावर नेला. मजुरांवर लक्ष ठेवता ठेवता सिनेमा बघायचा होता. कापलेल्या धानाचे भारे एकावर एक रचून पुंजणं उभं करणं चाललं होतं. ऊन लागू नये म्हणून मी लॅपटॉप पिशवीसकट अर्धवट रचलेल्या पुंजण्यात, खालच्या दोन भाऱ्यांच्या फटीत सारला आणि चहा प्यायला गेलो. परतलो तेव्हा पुंजणं डोक्याच्या वर गेलं होतं आणि आमचे वडील, बाबूजी, पूजेला नारळ फोडत होते. आमच्या घरी पूजा झालेलं पुंजणं मळणीपर्यंत कोणी मोडत नाही. एक भारा ओढला तरी पाणी आत शिरतं, धान काळं पडतं.

तेव्हाच बोलता आलं असतं. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

घरी सांगितलं, बंद पडला म्हणून नागपूरला दुरुस्तीला पाठवला. "मला न विचारता?" एवढंच ती म्हणाली. मग रोजचं सुरू झालं, "भाऊ, दुकानातून फोन आला का?" प्रबंध द्यायची तारीख जवळ येत होती. ढग दिसले की मी शेताकडे पळायचो. बांधावर उंदीर दिसला की ढेकळं मारत त्याच्यामागे धावायचो.

"काऊन रे, रोज पुंजण्यापाशी येऊन राहिला?" बाबूजींनी एकदा हटकलं. "सोनं पुरलं का तिथं?"

मजूर हसले. मीही हसलो.

तारीख गेली. बहीण सायबर कॅफेत बसून आठवेल तसं पुन्हा टाइप करत होती, निम्मंही झालं नाही. तिचं वर्ष गेलं.

मळणीला पुंजण्यावर मीच चढलो. प्रत्येक भारा चाचपून खाली मशीनकडे टाकत होतो. जाडजूड लॅपटॉप असता तर भारा उचलताच हाताला कळलं असतं. हा कळणार नव्हता. मशीनचा आवाज जरा बदलला की मी हात थांबवून खाली बघायचो.

"भारा फेकून राहिला का ओवाळून राहिला, भाऊ?" खालून मजूर ओरडला.

पिशवी तळाशी सापडली, कोपरे कुरतडलेली. लॅपटॉप मात्र शाबूत होता. चार्जिंगला लावला आणि सुरू झाला. प्रबंधही जसाच्या तसा.

"दुरुस्त झाला," म्हणत मी तो तिच्या हातात दिला. ती फाइल शेवटच्या पानापर्यंत बघत गेली. "तू होता म्हणून वाचला रे," म्हणाली. मग लॅपटॉप उलटा करून झटकला. बटणांच्या फटीतून धानाचे दाणे टेबलावर पडले. तिने ते बोटाने एका जागी गोळा केले.

"नागपूरचे दुरुस्तीवाले धान झोडून राहिले का, भाऊ?"

चार्जर आणतो म्हणून मी आत गेलो. तिने पुन्हा विचारलं नाही. ती आता फुलचूरला असते, शाळेत शिकवते, आणि तिचा फोन आला की अजूनही पहिली रिंग मी तशीच वाजू देतो. हे लिहिलेलं तिलाच आधी वाचायला देणार आहे. ती वाचत असेल तेव्हा समोर बसायचं, एवढं ठरवलंय. बसवेल की नाही, माहीत नाही.