चिठ्ठीतली चौथी ओळ

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलालाही नाही. ज्या माणसासाठी केली त्याला अर्धीच ठाऊक आहे. आणि जिच्याशी केली, तिला तर — नाही, तिच्याकडे लगेच नको यायला. थोडा फिरून येतो. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला एकदम तोंड उघडता येत नाही हो.

पंचवटीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, फ्लेक्स, पत्रिका. पण खरं सांगायचं तर दुकान चालतं ते श्रद्धांजलीवर. लग्नाची आमंत्रणं आता मोबाईलवरच फिरतात. माणूस गेला की मात्र फोटो मोठा करून लागतो, चौकात फ्लेक्स लागतो, दहाव्याचा मजकूर लागतो. रामकुंड चालत दहा मिनिटांवर. आमच्या भागात कोण गेलं हे भटजींच्या आधी मला कळतं. लोक फोटो पुढे करतात आणि मी विचारतो — वय काय, गाव कोणतं, स्वभावानं कसे होते? मजकुरासाठी विचारावंच लागतं. आणि माणसं सांगतात. घरात बोलत नाहीत ते फ्लेक्सवाल्यापाशी बोलतात.

तात्या तेव्हा नुसते नगरसेवक होते. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. दर भागात एक तात्या असतोच, तुम्ही तुमचा घ्या. एकदा वाढदिवसाचे फ्लेक्स सांगायला आले आणि टेबलावर कुणाचा तरी श्रद्धांजलीचा नमुना पडलेला दिसला. हे कोण, म्हणाले. मी सांगितलं — अमुक आजोबा, वय इतकं, गाव दिंडोरीकडचं, नातवाला रोज खांद्यावरून शाळेत सोडायचे. दुसऱ्या दिवशी तात्या दहाव्याला गेले आणि खांद्यावरच्या नातवाबद्दल बोलले. सगळा घाट रडला म्हणे. तेव्हापासून मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. पत्रिकेच्या कागदाच्या उरलेल्या पट्टीवर चार ओळी. नाव, वय, गाव. आणि चौथी ओळ — आतली गोष्ट. तात्या म्हणायचे, पहिल्या तीन कुणीही आणून देईल रे, तू चौथी देत जा.

मला काय मिळालं? पैसे नाहीत. चार माणसांत तात्या खांद्यावर हात टाकून ‘हे आमचे प्रेसवाले’ म्हणायचे, ते मिळालं. दुकानापुढे मी रस्त्यावर पत्रा ओढला होता, अतिक्रमणवाले त्या पत्र्याकडे कधी मान वर करून बघत नसत, तेही मिळालं. माणूस इतक्या स्वस्तात विकला जातो यावर माझाही विश्वास बसला नसता.

पुढे तात्या आमदार झाले. मैदानाचं आरक्षण उठलं आणि तिथे त्यांच्या भाच्याची इमारत उभी राहिली. टँकरचं प्रकरण झालं. मग कसल्याशा चौकशीत काही महिने आत राहून आले, आणि सुटले त्या दिवशी ढोल वाजले. पेपरवाले विचारतात, टीव्हीवाले विचारतात, पुण्याहून येणारा माझा मेहुणाही विचारतो — तुम्ही लोक वेडे आहात का? वेडे नाहीत हो. माझ्या दुकानात उभे राहून लोक तात्यांच्या भानगडी पाढ्यासारख्या म्हणून दाखवतात. आणि शेवटी म्हणतात, पण माणूस आला होता आपल्या दारी.

याला हसू नका. मीही हसलो नाही. माझे वडील गेले तेव्हा त्यांची चिठ्ठी मीच लिहिली. सवयीनं. नाव, वय, गाव. चौथी ओळ — सायकलवरून येताना घराच्या वळणावर घंटी वाजवायचे, म्हणजे आईनं चहा टाकावा. रामकुंडावर तात्या उभे राहिले आणि त्या घंटीबद्दल बोलले. माझीच ओळ, माझ्याच अक्षरातली — आणि मी हमसून हमसून रडलो. मला वाटलं, या माणसाला माझे वडील ठाऊक होते! तात्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या खिशातली ती पट्टी माझ्या छातीला लागत होती. तरीही वाटलं. म्हणजे चौथ्या ओळीचं औषध काय करतं हे मला माहीत होतं. चाखून माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

आता सुनंदाबाई.

त्यांचा नवरा रघुनाथ गवंडी होता. आमच्या मागच्या वस्तीत समाजमंदिर बांधत होते, ठेकेदार तात्यांचा मेहुणा. स्लॅब कोसळला आणि रघुनाथ त्याखाली गेला. तिसऱ्या दिवशी सुनंदाबाई दुकानात आल्या. फोटो आणला होता. आणि पोलिसांत द्यायचा एक अर्ज टाईप करून हवा होता.

ठेकेदार सगळीकडे सांगत होता की गवंड्यानंच टेकू लवकर काढले, त्याच्या चुकीनं स्लॅब खाली आला. सुनंदाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. तात्यांनी उद्घाटनाची तारीख देऊन टाकली होती, म्हणून टेकू काढायला लावले. आदल्या संध्याकाळी रघुनाथ घरी बोलला होता — स्लॅब अजून कच्चा आहे, मी नाही म्हणतोय, पण ऐकत नाहीत. कुणी हुकूम दिला, कुणासमोर दिला, सगळं त्यांना नावानिशी माहीत होतं. मी टाईप केलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट धरून अख्खा वाचला. दोन चुका काढल्या.

मी म्हणालो, वाचता छान येतं तुम्हाला. तेव्हा त्या जराशा हसल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. म्हणाल्या, सातवी झालीये, ते अडाणी होते, म्हणून घरात मला मास्तरीन म्हणायचे. आणि लगेच पदर तोंडाला लावला.

“हे नका छापू बरं का, भाऊ. हे आमचं घरातलं हाय.”

नाही छापलं. शब्द पाळला.

अर्ज लगेच नेऊन देते म्हणाल्या. मी म्हणालो, दहावं होऊ द्या ताई, सुतकात कुठे चौकीची पायरी चढता? त्यांना पटलं. मोठ्या भावानं सांगावं तसं सांगितलं होतं ना मी. अर्ज माझ्याकडेच ठेवून गेल्या. आणि त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर मी तात्यांना फोन केला.

मला कुणी विचारलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. पत्र्याचा तर विचारही मनात नव्हता. मीच केला फोन. अर्जात काय आहे ते सांगितलं. तात्यांनी एवढंच विचारलं, दहावं कधी आहे? — आणि मी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्या तीन ओळी झाल्या. चौथीपाशी हात थांबला होता का? थांबला होता असं लिहायला बरं वाटेल. नव्हता थांबला.

दहाव्याला सकाळी घाटावर कावळा शिवेना. रघुनाथचा भाऊ हात जोडून बोलून थकला — पोरीला बघू, घरचं बघू — कावळे शेजारच्यांच्या पिंडावर बसत होते, इकडे येत नव्हते. बायकांत कुजबुज सुरू झाली, याचा जीव कशात तरी अडकलाय. तेवढ्यात तात्या आले. पांढरे कपडे, चप्पल लांब काढलेली, येऊन खाली ओल्या फरशीवरच बसले. मग उभे राहून बोलले.

“रघुनाथ घरी आमच्या या ताईला मास्तरीन म्हणायचा. त्या मास्तरणीच्या लेकीची शाळा आजपासून माझ्याकडे.”

सुनंदाबाईंनी मान वर केली. ते तोंड मी कसं सांगू तुम्हाला? जणू गेलेला माणूस कुणाबरोबर तरी निरोप धाडून बसला होता. आणि कावळा आला. शिवला. आता कावळ्याला काही मी चिठ्ठी लिहून दिली नव्हती! पण लोकांना आणखी काय हवं? घाटावर जो हुंदका फुटला त्यात मीही रडल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या. मला वाटलं, ओळखलं. चोराच्या मनात चांदणं. घरातला तो शब्द त्यांनी बाहेर फक्त मला सांगितला होता, दुसऱ्या कुणाला नाही. हिशोब सोपा होता. पण त्यांनी वेगळाच केला.

“तो अर्ज राहू द्या, भाऊ. आमच्या घरातलं नाव त्यांना ठावं होतं, म्हंजी यांनीच कधीतरी सांगितलं आसंल. यांची वळख होती त्यांच्याशी, मला बोलले नाय कधी. वळखीच्या माणसावर कसा अर्ज करायचा?”

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं — ताई, ते मी सांगितलं. त्या दारातच उभ्या होत्या. मी अर्ज काढला आणि त्यांच्यासमोर फाडला. त्यांनी आभार मानले.

कागदोपत्री आलं — गवंड्याच्या निष्काळजीपणामुळे. आजही तेच आहे. त्यांची मुलगी शाळेत भांडली की पोरं म्हणायची, तुझ्या बापानं स्लॅब पाडला. तिची फी तात्यांनी एक वर्ष भरली, पुढे विसरले. सुनंदाबाई चार घरची धुणीभांडी करून भरत राहिल्या. तात्यांचा विषय निघाला की म्हणतात, त्यांना काय एक काम हाय का?

त्यानंतर मी चिठ्ठ्या सोडल्या, असं वाटेल तुम्हाला. नाही सोडल्या.

बायको नातवाला सांभाळायला बंगळुरूला गेली ती तिकडेच रमली. फोनवर विचारते, जेवलात का? मी हो म्हणतो. दुकान बंद करून घरी आलो की दिवसभर ऐकलेली माणसं डोक्यात असतात — कुणाला काय आवडायचं, कोण कुणाला लाडानं काय म्हणायचं — परक्यांचं सगळं माझ्यापाशी आहे. माझं कुणापाशी आहे? मध्यंतरी सहज स्वतःची चिठ्ठी लिहून पाहिली. तीन ओळी झाल्या. चौथीला माझ्याबद्दल एकच गोष्ट सुचली, आणि ती घाटावर वाचण्यासारखी नाही. फार एकटं वाटलं त्या दिवशी. वाटायलाच हवं होतं.

गेल्या निवडणुकीत मतदानाच्या रांगेत सुनंदाबाई माझ्या पुढे होत्या. केस पांढरे झालेत. केंद्राबाहेरच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन एक पत्रकार मुलगी आली होती, रांगेची शेपटी तिथपर्यंत आलेली. तिनं विचारलं, एवढे आरोप आहेत तरी तुम्ही यांनाच का? सुनंदाबाईंनी पदर नीट केला आणि दहाव्याची सगळी गोष्ट सांगितली. मास्तरीन हा शब्दही सांगितला — जो छापू नका म्हणाल्या होत्या, तो आता कॅमेऱ्यासमोर, अभिमानानं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, विचारा या भाऊंना, हे होते तिथं.

मुलीनं माईक माझ्यापुढे धरला.

“खरं आहे,” मी म्हणालो. “तात्यांची आणि रघुनाथची चांगली ओळख होती.”

सुनंदाबाई समाधानानं पुढे सरकल्या. माझा नंबर आला तेव्हा आत गेलो, शाई लावून घेतली आणि मत तात्यांनाच दिलं.